नवऱ्याचा जुना शर्ट आणि माझं पाचवं सॅम्पल

मा. संपादक साहेब,

स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात तालुक्याच्या पानावर फोटो आला होता, वीस-बावीस बायका, तितक्याच शिलाई मशीन, मधे हार घातलेले पाहुणे आणि खाली लिहिलेलं की या भगिनी आता गारमेंट उद्योजक होणार. फोटो चांगला होता, मशीनला लाल रिबीन बांधलेली दिसत होती. मी अमळनेरला गेली २४ वर्षं लेडीज टेलरिंग करते, आणि गेली दोन वर्षं एक शर्ट बाजारात आणायच्या मागे लागलेली बाई आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, तुम्हाला कापावं लागेल, फक्त कात्री उभ्या धाग्याने चालवा साहेब, आडवी चालवली की माल वाया जातो.

माझं म्हणणं एवढंच की मशीन ही या सगळ्या कामातली सगळ्यात सोपी वस्तू आहे. सुई खाली जायच्या आधीचं काम आणि इस्त्री झाल्यावरचं काम, कपडा तिथंच अडतो आणि तिथं आपल्याकडे कोणी नाही. पीएम विश्वकर्मा योजना २०२३ च्या सप्टेंबरात आली त्यात आम्हा दर्जी लोकांना १५ हजाराचं टूलकिट आहे, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख मग दोन लाख कर्ज आहे, चांगलीच आहे, मी नावं ठेवत नाही. पण शिवायचं काय, कोणाच्या मापाचं, कोणत्या महिन्यात, आणि ते टांगायचं कुठं, हे कोण सांगणार?

आता माझ्या शर्टचं सांगते. आपल्या खान्देशात कापूस वेचायला जाणारी बाई तुम्ही पाहिली असेलच, लुगड्यावर किंवा साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाहीचा शर्ट घातलेला असतो, डोक्याला रुमाल. ऊन लागू नये, बोंडाच्या सुकलेल्या नख्यांनी हात ओरबाडू नयेत, फवारलेलं अंगाला लागू नये म्हणून. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या पण हेच घालतात, केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत ना. लाखो बायका रोज एक कपडा घालतात आणि तो कपडा त्यांच्यासाठी कोणी बनवलेलाच नाही, हे माझ्या डोक्यात २०२४ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला आलं. माहेरी गेले होते आणि वहिनी शेतातून आली तर भावाचा ऑफिसचा जुना शर्ट अंगात, तीरा म्हणजे शर्टचा खांदा तिच्या खांद्यावरून दोन इंच खाली उतरलेला, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, छातीला ताणतोय आणि खाली निऱ्यांवर तर बटणच लागत नाही, म्हणून खालची दोन बटणं उघडी. मी टेलर, मला ते बघवेना.

मग काय, मी दुकानात बसून एक शर्ट काढला. पहिलं सॅम्पल. कॉलर ठेवली कारण मानेला ऊन लागतं, शोल्डर बारीक केला, छातीला टक्स दिले, छातीवर खिसा दिला, खाली गोल दामन. दिसायला एकदम भारी, डमीवर चढवून फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी अंगठे दिले. अंगठ्यांनी फार नुकसान झालं माझं.

आमच्या दुकानात ब्लाऊजला येणारी एक बाई आहे, रोज मजुरीने वेचणीला जाते, तिला म्हटलं घालून जा आठ दिवस, फुकट. तिसऱ्या दिवशी परत घेऊन आली. म्हणे, "खिसा ते चांगला दिधा माय, पन खाले वाकनू का मोबाईल पडी जास." आणि दुसरं, वाकलं की मागून शर्ट वर सरकतो, पाठ उघडी पडते, आणि पुढून शर्ट इतका लांब की कमरेला कापसाची ओटी बांधली की शर्ट ओटीत अडकतो, सारखा उपसावा लागतो. म्हणजे पुढे लांब आणि मागे आखूड झालेला, पाहिजे होतं बरोबर उलटं. दुकानात ती सरळ उभी राहिली होती ना, मी मापं घेतली तेव्हा! शेतात कोण सरळ उभं असतं? त्या दिवसापासून मी मापं घेताना बाईला वाकायला लावते, हात वर करायला लावते, झाडाच्या शेंड्यावरचं बोंड तोडतेय असं कर म्हणते, बाकीच्या गिऱ्हाइकी हसतात.

दुसऱ्या सॅम्पलला पुढची लांबी चार इंच कमी केली, मागे तीन वाढवली, दोन्ही बाजूंना कट दिले, पाठीला जोक म्हणजे खांद्याखालची आडवी पट्टी आणि जोकखाली चुन्या घातल्या म्हणजे हात पुढे गेला तरी पाठ ताणत नाही. छातीचा खिसा काढून टाकला आणि डाव्या बाजूला आतून खिसा दिला, वर झाकण, त्याला टिच बटण. बाहीच्या मोहरीला इलॅस्टिक घातलं होतं, ते घामाने मनगटाला काचलं, पुरळ आलं, म्हणून तिसऱ्याला कफ आणि कफला दोन बटणं, घट्ट पाहिजे तर पहिलं, सैल पाहिजे तर दुसरं. कापड पण बदललं. आधी सुरतचं पातळ पॉलिस्टर घेतलं होतं स्वस्तात, ते दुपारी अंगाला चिकटतं आणि घाम जिरत नाही. मग प्युअर सुती घेऊन पाहिलं तर गरम होत नाही पण सगळी सुकलेली पानं आणि काडीकचरा त्याला धरून बसतो, वाळायला पण वेळ लागतो, आणि बाईकडे असा शर्ट एकच असणार, रात्री धुतला की सकाळी पाहिजे. शेवटी टेरिकॉटवर, म्हणजे सुती-पॉलिस्टरच्या मिश्र कापडावर आले. एक मीटरचा चौकोन कापून, पेनाने खुणा करून तीन वेळा धुतला, किती आटतो ते पट्टीने मोजलं, तेवढी लांबी कटिंगलाच जास्त धरली.

हे सगळं मी माझ्या डोक्याने करत होते, मला वाटायचं मीच शोधून काढतेय. माझी भाची मुंबईला एका एक्स्पोर्ट कंपनीत सॅम्पलिंगला आहे, तिला सांगितलं तर ती म्हणे मावशी हेच तर आम्ही दिवसभर करतो. त्यांच्याकडे डिझायनर चित्र काढतो ते दोन दिवसांचं काम, त्यानंतर महिनोन्महिने हेच चालतं. पहिलं प्रोटो सॅम्पल, मग फिट सॅम्पल, मग सगळ्या साईजचा सेट, मग माल सुरू व्हायच्या आधी खऱ्या कापडात खऱ्या बटणात एक शेवटचं सॅम्पल, ते पास झालं तरच कटिंग टेबलवर कापड पडतं. आणि प्रत्येक कपड्याची एक फाईल असते, टेक पॅक म्हणतात तिला, त्यात खिसा खालून किती इंचावर, इंचाला टाके किती, दोऱ्याचा नंबर, लेबल कुठं लागणार, माप इकडेतिकडे झालं तर किती चालेल, सगळं. म्हणजे डिझायनर मुंबईत आणि शिवणारा तिकडे तमिळनाडूत तिरुपूरला असला तरी फोन न करता काम झालं पाहिजे. मी तिचं ऐकून शाळेच्या दोनशेपानी वहीत माझ्या शर्टचं टेक पॅक लिहिलं, नऊ पानं झाली, वहीच्या मागे अजून पोराचं भूगोलाचं नकाशाकाम आहे.

साईजचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. एक माप बसलं म्हणजे सगळी बसली असं नसतं. ३८ चा शर्ट ४२ करायचा तर फोटो मोठा करतो तसं करून जमत नाही, छाती चार इंच वाढते पण गळा तेवढा वाढत नाही, शोल्डर थोडासाच वाढतो, बाहीची लांबी तर जवळपास तीच राहते, जाड बाईचे हात लांब नसतात. याला ग्रेडिंग म्हणतात आणि ते येणारा माणूस आमच्या तालुक्यात मला एक मिळाला नाही. मी बचत गटाच्या दोन मीटिंगांना टेप घेऊन गेले आणि ३४ बायकांची मापं घेतली. वेचणाऱ्या, निंदणाऱ्या, डोक्यावर भारे वाहणाऱ्या बायका. छाती ३६ असलेल्या बाईचा दंडघेर आणि शोल्डर मी शहरातल्या गिऱ्हाइकीच्या ४० ला देते तेवढा निघाला, दहा-बाराजणींचा तरी. म्हणून तर रेडिमेड कुर्तीत यांचा हात जात नाही, मुंढ्याला उसवते आणि मग बाई म्हणते माझंच अंग वाईट. अंग वाईट नाही बाई, टेप तुझ्यापर्यंत आलाच नाही.

खरंच आला नाही. आपल्या देशाच्या मापांचा चार्टच आतापर्यंत आपला नव्हता, कंपन्या अमेरिकन नाहीतर युके साईज घेऊन त्यात थोडं इकडे तिकडे करतात. निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षण संस्थेने इंडियासाईज म्हणून काम हातात घेतलं, १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांना थ्रीडी स्कॅनरमधे उभं करून मोजायचं ठरलं, काम चांगलंच आहे, पण शहरं सहा, दिल्ली मुंबई कोलकाता हैदराबाद वगैरे. त्यात मजुरीची बाई कितीशी सापडणार? आणि गंमत बघा, अमेरिकेत १९३९-४० साली बायकांच्या मापांचा पहिला मोठा सर्व्हे झाला, १५ हजाराच्या आसपास बायका, एकेकीची पन्नासच्या वर मापं, आणि तो कोणी केला तर तिथल्या शेती खात्याने! माझ्या भाचीच्या कोर्सच्या पुस्तकात आहे. आपल्या कृषी खात्याचे साहेब बांधावर येतात, बोंडअळी मोजतात, फेरोमन ट्रॅपमधले पतंग मोजतात, बाईचा दंडघेर मोजायला मात्र कोणी येत नाही, मी चेष्टेत लिहितेय पण अगदीच चेष्टा नाही.

बरं, सॅम्पल चौथं पास झालं, माल काढायचा ठरवलं. १२० पीस. घरात म्हटलं तर आमचे हे म्हणाले, आधी वीस काढ. पण वीसचं गणितच बसत नाही, कापडवाला पूर्ण ताक्याखाली, म्हणजे अख्ख्या गुंडाळीखाली भाव देत नाही, सुट्टं घेतलं की मीटरमागे पंधरा-वीस रुपये चढतात. मग एका रात्रीच्या गाडीने सुरत. आपल्या अमळनेरहून सुरत म्हणजे गाडीत बसलं आणि उतरलं, निम्मे कापड दुकानदार याच लाईनीवर माल आणतात. रिंग रोडच्या मार्केटात सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरले, चहा सगळ्यांनी पाजला, टेरिकॉट द्यायला एकच जण तयार झाला, दोन ताके, २१० मीटर, ८२ रुपयाने.

हिशोब सांगते, लोकांना वाटतं टेलर लुटतात. एका शर्टला पावणेदोन मीटर म्हणजे १४३ रुपये ५० पैसे. बटणं, दोरा, कॉलरचं फ्युजिंग १४. शिलाई ६०, ही मी माझ्याकडच्या दोन मुलींना देते, यापेक्षा कमी देणं मला पटत नाही. काज-बटण ६, इस्त्री-पॅकिंग ८, भाडंतोडं ५. झाले २३६ रुपये ५०. यात माझी दोन वर्षं, चार सॅम्पलं, सुरतचं तिकीट काही धरलेलं नाही. दुकानदाराला मी २८० ला द्यायचं म्हटलं तर तो म्हणतो मी ४०० ला विकणार कसा, गिऱ्हाईक तीनशेच्या वर जात नाही. आणि गिऱ्हाईक काय म्हणते, तर "तीनशेमा ते लुगडं येस!" तिचंही बरोबर आहे.

आणि आता माझ्या चुका, लपवून काय करू. पहिली चूक शेडची. दोन ताके दिसायला एकच मेंदी रंग, पण दोन वेगळ्या लॉटचे निघाले, ट्यूबलाईटखाली कळत नाही, उन्हात धरलं की एक जरा पिवळसर. मी दोन्ही एकावर एक टाकून कटिंग करून घेतली, जळगावला एकाकडे मशीनवर, बंडल बांधताना पुढचे भाग एकीकडे बाह्या एकीकडे असे ढीग केले, आणि शिवून झाल्यावर अंगणात वाळत घातले तेव्हा दिसलं की नऊ शर्टांना एक बाही एका रंगाची आणि एक बाही दुसऱ्या. रडायला आलं होतं. फॅक्टरीत म्हणे प्रत्येक थराला नंबरचं स्टिकर लावतात, पुढा-पाठ-बाही एकाच नंबरची एकत्र जाते. एक रुपयाचं स्टिकर नव्हे, अक्कल नव्हती. शिवाय कापडवाल्याला फोन केला तर म्हणे बेहेनजी लॉट नंबर तर ताक्यावर लिहिला होता. होता खरा, कोपऱ्यात, पेन्सिलने.

दुसरी चूक वेळेची आणि ती जास्त मोठी. मोठ्या कंपन्यांचं वर्षं-वर्षं आधी चालतं. पँटोन नावाची अमेरिकन रंगाची कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते, २०२५ ला मोका मूस म्हणजे आपला चॉकलेटी, त्यावर दुनिया बोलते. मुंबईला गारमेंटवाल्यांच्या असोसिएशनचा मोठा फेअर भरतो, तिथं दुकानदार सणाच्या कितीतरी महिने आधी बुकिंग देऊन येतात. एक स्पेनची झारा कंपनी आहे, तिनं हे सगळं तीन आठवड्यांवर आणलं म्हणून जगात नाव झालं. आपलं खान्देशाचं कॅलेंडर वेगळं आहे, इथं आखाजी आहे, पोळा आहे, कानबाई आहे, आणि कपड्याचा पैसा कापूस घरात आला की येतो. माझा शर्ट पोळ्याच्या आत बाजारात पाहिजे होता, बागायती कापसाची वेचणी सुरू व्हायच्या आधी. पण काज-बटणवाल्याकडे नवरात्राचे ब्लाऊज आणि लग्नाचे जोधपुरी आधी लागले, माझे १२० शर्ट त्याच्या कोपऱ्यात पोतं भरून पडून राहिले, आणि माल तयार झाला तेव्हा वसुबारस होती. पहिल्या दोन वेचण्या होऊन गेलेल्या.

तरी दुकानांत ठेवले, अमळनेर, पारोळा, धरणगाव, ८० पीस, सगळे जांगडवर. जांगड म्हणजे विकलं तर पैसे नाहीतर माल परत, ज्यांनी धंदा केलाय त्यांना माहीत आहे या शब्दाने किती घरं बसलीत ती. जानेवारीत ५८ परत आले, त्यातल्या चारांवर धूळ आणि एकावर चहा. मी विचारलं लटकवले कुठं होते, तर जेन्ट्स शर्टच्या रॅकवर! शर्ट आहे म्हणून तिकडे. बाई कशाला त्या बाजूला जाईल? आणि साड्यांच्या बाजूला ठेवा म्हटलं तर साडीचा काउंटर सांभाळणारे दादा म्हणतात इथं शर्टाचा काय संबंध. माझ्या कपड्याला दुकानात जागाच नाही, कारण तो कपडा आहे असंच अजून कोणाला माहीत नाही. नऊ बाहीवाले आणि हे ८० सोडून राहिलेले ३१ मात्र मी स्वतः विकले, पंधरा दिवसांत. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटली जाते, त्या दिवशी संध्याकाळी वेचणीच्या रिक्षा थांबतात तिथं एका दोरीवर पाच शर्ट टांगून उभी राहायचे, आणि एक स्वतः अंगात घालायचे. पहिली आली ती म्हणाली, "मना नवराना जुना शर्ट शे ना घरमा, हाऊ कसाले इकत लेवू?" मी काही बोलले नाही, तिला म्हटलं घाल आणि खाली वाक. वाकली, हात मागे नेऊन पाठ चाचपली, झाकलेली. मग आतला खिसा उघडून त्यात मोबाईल टाकला, परत वाकली. दोन घेऊन गेली, एक सासूला.

या फेब्रुवारीत एका गावच्या बाजारात माझ्यासारखाच शर्ट दिसला, मागे लांब पुढे आखूड, १९० रुपये, पातळ पॉलिस्टरमधे. आतला खिसा नाही, पाठीच्या चुन्या नाहीत. कोणी केला माहीत नाही, शोधायला गेले नाही. आमच्या ओळखीचा एक मुलगा वकिली शिकतो, त्याला विचारलं तर म्हणाला डिझाईन्स कायदा २००० चा आहे, नोंदणी केली तर दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं हक्क राहतो, पण बाजारात आणायच्या आधी करावी लागते, एकदा दोरीवर टांगलं की ते नवीन राहत नाही. आणि कॉपीराईट म्हणाल तर नोंदणी न केलेलं डिझाईन मशीनवर पन्नासच्या वर पीस काढले की तो पण संपतो. माझे १२०. शिवाय दिसण्याला संरक्षण आहे, खिसा कामाचा आहे याला नाही. सगळं खरं, सगळं उशिरा कळलेलं.

इथं मला जीन्सची गोष्ट आठवते. जीन्स म्हटलं की लेव्हाय स्ट्रॉसचं नाव सगळ्यांना, पण तांब्याचे रिव्हेट खिशाच्या कोपऱ्यांना ठोकायची कल्पना जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची, अमेरिकेत रेनो गावचा. एका मजुराच्या बायकोने सांगितलं माझ्या नवऱ्याच्या पँटी फाटतात काहीतरी मजबूत कर. पेटंटला पैसे नव्हते म्हणून त्याने ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या स्ट्रॉसला पत्र लिहिलं, आणि २० मे १८७३ ला दोघांच्या नावाने पेटंट मिळालं. मला हे फार आवडतं, एका बाईने तक्रार केली आणि एका टेलरने ऐकली. माझा सुरतचा कापडवाला मागचं बिल भरल्याशिवाय फोन उचलत नाही, पेटंटचं त्याला काय लिहिणार.

आणि राग कशाचा येतो सांगू का. कापूस आपला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, बाजारात किती मिळाला ते तुमच्याच पेपरात रोज येत होतं, त्यात ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क पण माफ होतं. एक क्विंटल कापसाची रुई निघते साधारण ३४-३५ किलो, सूत-कटिंगची घट धरली तरी माझ्या मापाचे पूर्ण सुती शर्ट शंभराच्या आसपास निघतील. म्हणजे एका शर्टमागे शेतकऱ्याचे ऐंशी रुपये, त्यातून वेचणाऱ्या बाईचे किती ते तुम्हीच काढा. मग गाठी बांधून तो कापूस साउथला जातो, गुजरातला जातो, बांगलादेशला पण जातो, तिथं त्याचं सूत होतं, आणि वर्षाने शोरूममधे ९९९ चं लेबल लावून आपल्याकडे येतो. या अमळनेरला प्रताप शेठजींची प्रताप मिल होती, साने गुरुजी ज्या गावात गिरणी कामगारांसाठी उभे राहिले ते हे गाव. आमच्या सासऱ्यांच्या पिढीला भोंग्यावर वेळ कळायची. इथल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात कापड दिलं तर नुसतं चोळून सांगतो ताणा-बाणा किती काऊंटचा. सूत कळणारी माणसं होती, शिवणाऱ्या तर गल्लोगल्ली आहेत, घालणाऱ्या लाखो आहेत. मधलंच काही नाही.

म्हणून त्या फोटोतल्या पाहुण्यांना तुमच्या पेपरातून सांगा, पुढच्या वेळी २० मशीन देण्याऐवजी १२ द्या आणि उरलेल्या पैशात तालुक्याला एक खोली द्या. त्या खोलीत एक लांब कटिंग टेबल, एक कटिंग मशीन, एक काज-बटणाचं मशीन भाड्याने वापरायला, आणि आठवड्यातून दोन दिवस पॅटर्न-ग्रेडिंग येणारं माणूस. आयटीआयत ड्रेस मेकिंग शिकलेल्या मुली घरी बसून फॉल-पिको करतायत, त्यांना तिथं बसवा. भिंतीवर आपल्या बायकांच्या मापांचा चार्ट लावा, माझ्या ३४ जणींची वही मी आजच द्यायला तयार आहे, नावं खोडून. जीएसटी वगैरेवर बोलायला मोठी माणसं आहेत, २०२५ च्या सप्टेंबरात अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि वरच्याला १८ केला, शेरवानीवाल्यांची तोंडं पडली, माझ्या तीनशेच्या शर्टाला आधी पण ५ होता आणि आता पण ५.

परत आलेले ५८ शर्ट माझ्या माळ्यावर आहेत. त्यांची मी कॉलर उसवून चायनीज पट्टी लावतेय, कारण रुमाल बांधला की कॉलर दुहेरी होते आणि गरम होतं असं तीनजणींनी सांगितलं, म्हणजे हे पाचवं सॅम्पल झालं म्हणा. काज-बटणवाल्याला यावेळी आषाढातच पैसे देऊन ठेवणार आहे. तुमचा बातमीदार पाठवायचा असेल तर पोळा झाल्यावर पाठवा, सकाळी सातच्या आत, वेचणीच्या रिक्षा सुटतात तिथं, मी दोरी बांधून उभी असेन. आणि फोटो काढायचा असेल तर बाया वाकलेल्या असताना काढा, पाठीकडून.

आपली,
एक लेडीज टेलर, अमळनेर, जि. जळगाव